घरट्याचा पत्ता कशाला छापता?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नवरंग पक्ष्याच्या घरट्याचा फोटो छापलात. फोटो सुंदर आहे, त्यात वादच नाही, पण खाली गावाचं नाव, स्टेशनपासून रिक्षाने किती मिनिटं, कुठल्या फार्महाऊसच्या मागे, एवढं सगळं दिलंत की वाचून पोटात गोळाच आला. सोमवार सकाळपर्यंत आमच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते कात्रण फिरत होतं आणि त्याखाली एकच चर्चा, शनिवारी कोण कोण येतंय, गाडीत एक सीट रिकामी आहे.

मी मुलुंडला राहते, पस्तीसेक वर्षं पक्षी बघतेय. तक्रार करायचा मला तसा फारसा अधिकार नाही कारण हाच उद्योग मी स्वतः करून बसलेय. चारेक वर्षांपूर्वी जूनमध्ये कर्जतच्या बाजूला एका ओढ्याच्या दरडीत तिबोटी खंड्याचं बीळ दिसलं. ज्यांनी हा पक्षी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, चिमणीपेक्षाही लहान, अंगावर एवढे रंग की खेळण्यातला वाटावा, आणि पाऊस सुरू झाला की आपल्या कोकणात विणीला येतो. मला इतका आनंद झाला की घरी पोचायचाही धीर नव्हता, लोकलमध्येच फोटो टाकला, आणि कुणीतरी ‘माझा लायफर आहे हो, पिन टाका ना’ म्हटलं (लायफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच बघायचा पक्षी) म्हणून नकाशावरच्या नेमक्या जागेची पिनही टाकली. पुढच्या रविवारी गेले तर ओढ्यात पंधरा-सोळा जण, ट्रायपॉड पाण्यात रोवलेले आणि बिळासमोरच्या वेली, फांद्या सगळ्या छाटलेल्या, का तर बॅकग्राऊंड क्लीन हवं. पक्षी चोचीत पाल धरून लांबच्या फांदीवर बसलेला, बिळात जायची हिंमतच होत नव्हती त्याची, वीस मिनिटं तसाच बसला होता, आणि या लोकांना तर तेच हवं होतं, चोचीत भक्ष्य असलेला फोटो. त्यानंतरच्या रविवारी बीळ रिकामं. साप गेला असेल, दरड ढासळली असेल, नाहीतर पिल्लं उडाली असतील, मी काही छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या वेली सापाने कापल्या नव्हत्या.

आमच्या वेळी सगळे सज्जन होते असं मी अजिबात म्हणणार नाही. हावरट तेव्हाही होतेच, फक्त बातमी हळू जायची. जफर फतेहअली यांनी 1959च्या अखेरीस पक्षीनिरीक्षकांसाठी सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक सुरू केलं होतं, त्यात कुणी काय बघितलं ते पोस्टाने यायचं, तोवर पिल्लं उडून पक्षी परतलेलाही असायचा. नव्वदच्या दशकात रविवारी रात्री लँडलाइनवरून एकमेकांना फोन, तोही लागला तर. त्या उशिराने आपोआप राखण व्हायची, आमचा त्यात काही शहाणपणा नव्हता. आता ओढ्यावर उभं असतानाच पिन जाते.

पण म्हणून तोंडाला कुलूप लावून बसणाऱ्यांचंही मला पटत नाही. आमच्यात एक ज्येष्ठ होते, कुठे दिसला विचारलं की ‘खाडीकडे कुठेतरी’, एवढंच. वहीत सगळं टिपलेलं, पण ते गेल्यावर वह्या कुठे गेल्या देव जाणे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स 2023’ हा अहवाल साधारण तीस हजार हौशी लोकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकलेल्या नोंदींवर उभा आहे, सगळेच ‘कुठेतरी’ म्हणत बसले असते तर कुठले पक्षी कमी होतायत हे कळलं असतं का? भांडुप पंपिंगला, ऐरोलीला, उरणला पाणथळ जागेवर एखादा वेगळा किनारपक्षी दिसला तर त्याच दिवशी सांगा, उलट जेवढे जास्त डोळे तेवढं बरं. पायात रंगीत पट्टी असेल तर त्याचा फोटो बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) पाठवा, तो कुठे पकडून सोडला होता ते त्यावरून लागतं. पावसाळ्यात वादळाने फेकलेला समुद्रपक्षी जुहूच्या वाळूत दमून पडलेला दिसला तर तिथे गुप्तता पाळून कोणाचं भलं होणार?

घरट्यांचं आणि घुबडांचं वेगळं आहे. दिवाळी आली की जादूटोण्यात बळी द्यायला घुबडं पकडली जातात हे तुमच्याच पेपरात दरवर्षी येतं. वनपिंगळा हे छोटं घुबड शंभरहून जास्त वर्षं कुणाला दिसलं नव्हतं, 1997 साली शहाद्याजवळ सापडलं आणि 2014 मध्ये तर आपल्या तानसाच्या जंगलात. तानसाला आहे हे आता जगजाहीर आहे, असूदे, पण झाड कुठलं हे कशाला सांगायचं? ईबर्डवालेसुद्धा संवेदनशील ठरवलेल्या पक्ष्यांची नेमकी जागा दाखवत नाहीत, वीस बाय वीस किलोमीटरचा चौकोन दाखवतात, बस. बाकीच्यांची यादी आपण पिल्लं उडाल्यावर टाकायची, नोंद कुठे पळून जात नाही.

गावातल्या पोरांना गाईड म्हणून चार पैसे मिळतात हे मला मान्य आहे, मीही त्यांना घेऊनच फिरते. पण मोबाइलवर नवरंगाचा आवाज वाजवून वाजवून त्याला बाहेर काढायला तेच लावले जातात, आणि लावणारे आपण मुंबईवाले. खरं तर नवरंग बघायला इतकं लांब जायलाही नको, मे-जूनमध्ये प्रवासाने दमलेला एखादा आपल्याच सोसायटीच्या आवारात किंवा जिन्यात येऊन बसतो, त्याची बातमी वॉचमनच देतो.

तर माझी विनंती एवढीच की पुरवणीचं काम बघणाऱ्यांना हे सांगा, घरट्याचा फोटो विणीच्या दिवसांत छापू नका, नंतर छापलात तरी गावाचं नाव नको. सोबत त्या तिबोटीचा फोटो पाठवतेय, फांदीवर बसलेला, चोचीत पाल. जुना आहे आणि मला तो आता फारसा बघवत नाही. छापलात तर खाली फक्त ‘रायगड जिल्हा’ एवढंच लिहा.

आपली,
एक वाचक, मुलुंड पूर्व