मला सॉरी म्हणायला लावलं, साहेब

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी ११ वर्षं स्टाफ नर्स आहे. आजवर कुणाला पत्र लिहिलं नाही. पण या १२ मेला, परिचारिका दिनालाच जे झालं, ते गिळवत नाही.

आदल्या रात्री मेल वॉर्डात ३४ पेशंट आणि मी एकटी. सोबतची सिस्टर आयसीयूत नेली, तिकडे माणूस कमी होतं म्हणून. अडीचच्या सुमारास सात नंबरच्या काकांना दम लागला. ऑक्सिजन लावून डॉक्टरांना फोन करत होते, तेवढ्यात बावीस नंबरची सलाईन संपली आणि नळीत रक्त चढलं. त्यांच्या मुलाने दंड धरून मला ओढलं. कोपर औषधांच्या ट्रॉलीवर आपटलं. "बसून पगार खाता," म्हणाला. त्या रात्री मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते, कारण बाथरूमला गेले तर वॉर्डात कोण?

सकाळी ऑफिसातून बोलावणं आलं. वाटलं, लागलंय का ते विचारतील. "पेशंट पार्टी नाराज आहे सिस्टर, सॉरी म्हणून टाका." मी सॉरी म्हणाले. आठला ड्यूटी संपली तरी आम्हाला बारापर्यंत थांबवलं, हॉलमध्ये उभं करून एकेक गुलाब दिला आणि भाषणात सावित्रीबाईंच्या लेकी म्हणाले. साहेब, १८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याहून आजारी पोराला पाठीवर आणलं आणि त्याच प्लेगने त्या गेल्या. आमच्याकडूनही तेच हवंय का?

वैद्यकीय सेवेतल्या माणसावर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद, असा कायदा या राज्यात २०१०पासून आहे. त्यात नर्सही येते. मला पोलीस चौकीत कुणी नेलं नाही, सॉरी म्हणायला मात्र नेलं.

थकवा झोपल्यावर जातो. हे जात नाही. गेल्या महिन्यात एक आजोबा गेले, त्यांची सून माझ्या खांद्यावर रडत होती आणि मी मनात पुढच्या इंजेक्शनच्या वेळा मोजत होते. घरी आल्यावर स्वतःचीच भीती वाटली. मी अशी नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये याला बर्नआउट म्हटलं, आणि कारण दिलं कामाच्या ठिकाणचा न आवरलेला ताण. आमच्याकडे त्यावर उपाय म्हणून अर्ध्या तासाचं योगाचं सत्र ठेवलं, तेही सुट्टीच्या दिवशी.

पगाराचं बोलते, लाज वाटत नाही. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सांगितलं की ५० खाटांच्या आतल्या छोट्या खासगी रुग्णालयातही नर्सला निदान २० हजार द्या, आणि २००च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या. आमच्याकडे २००हून जास्त खाटा आहेत. माझ्या हातात २३ हजार पडतात. तो कागद केंद्राने राज्यांकडे पाठवला, पुढे कुठल्या कपाटात गेला? इतक्या वर्षांत सरकारं बदलली, मंत्री बदलले, आमची पगाराची स्लिप तशीच.

पण बाहेर पाठवायला सरकार तयार असतं. २०२४मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुटेंबर्ग या प्रांताशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. माझ्या बॅचची मैत्रीण जर्मन शिकतेय. जाऊ दे तिला, तिचं भलं होवो. पण तिच्या जागी वॉर्डात कोण येणार, हे त्या करारात कुणी लिहिलं का?

२०२०मध्ये आमच्या वाड्यातल्या लोकांनी थाळ्या वाजवल्या आणि महिन्याभरात मला नळावर पाणी भरू देईनात. तेव्हाही मी ड्यूटी सोडली नाही.

समितीचा पगार लागू करा. रात्रीच्या वॉर्डात दोन नर्स नसतील तर रुग्णालयाला जाब विचारा. नर्सवर हात उचलला तर तक्रार रुग्णालयानेच द्यावी, असं बंधन घाला.

आज परत माझी नाइट आहे. ड्यूटी लिस्टवर त्या वॉर्डापुढे माझं एकटीचंच नाव आहे.

आपली,
एक स्टाफ नर्स, पुणे