'शुक्रवारी रात्री १२' म्हणजे नेमके कधी?

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'शुक्रवारी रात्री १२ पासून २४ तास पाणी बंद.' आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पिंप भरायचे ठरवले. शुक्रवारी सकाळी नळ सोडला, तर थेंब नाही. शुक्रवार लागतानाच पाणी गेले होते. आजारी सासूबाईंसाठी शेजारच्या इमारतीतून दोन हंडे आणावे लागले.

यात वाचणाऱ्याची चूक नाही. घड्याळात तारीख मध्यरात्री बदलते, पण पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि बोलताना आपण अजून तोच हिशोब धरतो. शुक्रवारची रात्र म्हणजे शुक्रवार मावळल्यावरची, असेच कुणीही समजेल. रेल्वेच्या तिकिटावर ००.१० ही वेळ असली की लोक याच घोळात एक दिवस उशिरा स्टेशनवर पोहोचतात.

'गुरुवारी रात्री ११.५९ पासून' एवढे लिहिले असते तरी भागले असते. 'परवा' हा शब्द तर मागचाही दिवस सांगतो आणि पुढचाही. लेखी सूचनेत तो नकोच. पाणी, वीज, औषधे यांच्या सूचना लिहिणाऱ्यांनी त्या आधी घरात कुणाला तरी वाचायला द्याव्यात आणि काय कळले ते विचारावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे