फी तुम्ही माफ केली, पहिला पर्याय मी बदलला

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी चोपडा तालुक्यातला केळी उत्पादक. सहा एकर बाग, एक मुलगा, एक मुलगी. हे पत्र तक्रारीचं आहे, पण पहिला आरोपी मीच असल्यामुळे आधी माझं सांगतो.

८ जुलै २०२४ ला आपल्या विभागाचा शासन निर्णय आला. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. फक्त प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, झालेला पाहिजे. माझी मुलगी यात बसली. सीईटीला मार्कही चांगले पडलेले. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणला त्या दिवशी मी मनातल्या मनात सरकारचे आभारही मानले.

मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर पसंतीच्या क्रमाने चौदा कॉलेजांचे पर्याय लिहून काढले होते. पहिले तीन पुण्याचे. घरापासून जाऊन-येऊन करता येईल असं कॉलेज नवव्या नंबरला. संध्याकाळी आई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. ती मला म्हणाली, "आंडेरले इतलं दूर कसाले धाडस रे?" आमच्या अहिराणी बोलीत 'आंडेर' म्हणजे मुलगी आणि 'धाडस' म्हणजे पाठवतोस. बाकी महाराष्ट्रात त्याचा अर्थ हिंमत होतो, आणि त्या संध्याकाळी ती माझ्यापाशी नव्हती. पाठोपाठ काका आले, मग साडूचा फोन. कोणी ओरडलं नाही, कोणी मनाई केली नाही. सगळे फक्त विचारत होते, "राहील कुठे? कोणासोबत? उद्या स्थळ बघताना लोकांनी विचारलं तर काय सांगशील?"

फॉर्मवर मोबाइल नंबर माझा, पासवर्ड माझ्या डायरीत. मी नेट कॅफेत गेलो आणि नववा पर्याय पहिला केला.

पहिल्याच फेरीत तो लागला. आपल्या नियमानुसार पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. कागदोपत्री माझ्या मुलीला तिच्या पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. तुमच्या विभागाच्या आकडेवारीत ती समाधानी विद्यार्थिनी म्हणूनच मोजली गेली असेल. तिने मोबाइल बघितला आणि मला एवढंच विचारलं, "पप्पा, माझ्या वहीत हे कितवं होतं?"

आता ती सकाळी साडेसहाची एसटी धरते. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट होता, आता पैसे भरून काढतो. ते काही फार नाहीत. पण प्रॅक्टिकल लांबलं की परतीला अंधार पडतो आणि मी फाट्यावर मोटरसायकल लावून उभा असतो. पोर डोळ्यासमोर राहावी म्हणून हे सगळं केलं, आणि ती डोळ्यासमोर असते ती जेवून झोपी जाईपर्यंत.

आता मुलाचं. तो चार वर्षांपासून सदाशिव पेठेत एमपीएससी करतोय. खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याला अकरा-बारा हजार जातात. त्याच्यासाठी कुठला शासन निर्णय नव्हता, तरी तो कुठे राहील हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही. त्याला जायचंच नव्हतं, साहेब. त्याला बाग करायची होती. ग्रँड नैन केळीच्या रोपाचं पान बघून काय कमी पडलंय ते तो सांगतो, मला अजून जमत नाही. पण लग्नाच्या बायोडाटात 'शेती' लिहिलं की समोरचे "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. सहा एकर बागायतीपेक्षा कुठल्यातरी कचेरीतली खुर्ची मोठी, हा आमच्या सोयरिकीतला भाव आहे. त्यात घासाघीस चालत नाही. (मुलीसाठी स्थळ बघायला बसेन तेव्हा मीही नोकरीवालाच शोधेन, हेही इथे कबूल करतो.) खुल्या प्रवर्गाला अडतिसाव्या वर्षापर्यंत आणि मागासवर्गीयांना त्रेचाळिसाव्यापर्यंत परीक्षा देता येते, त्यामुळे "आता पुरे" असं म्हणायचं निमित्तही कोणाला मिळत नाही. रात्री त्याचा फोन येतो. मी विचारतो, अभ्यास कसा चाललाय. तो विचारतो, वाऱ्यात किती खोडं पडली, ठिबकमधून खत सोडलं का.

म्हणजे जिला पुण्याला जायचं होतं ती घरी, आणि ज्याला घरी राहायचं होतं तो पुण्यात. दोन्ही उलटं करायला एक रुपयाही जास्त लागला नसता.

मुलाचं दुखणं आपल्या खात्यातलं नाही, ते मी आणि माझी सोयरिक बघून घेऊ. मुलीचं मात्र काही अंशी आपल्या हातात आहे. बाप माझ्यासारखा डगमगतो तो पर्याय भरायच्या आठवड्यात, आणि वसतिगृहाची यादी लागते प्रवेश झाल्यावर. बाहेरच्या जिल्ह्यातून येणाऱ्या मुलीला पर्याय भरतानाच कॉलेजच्या नावापुढे दिसलं पाहिजे की इथे तुला खोली मिळणार. राहण्याचा भत्ता नंतर देता, तो द्याच, पण भत्त्याने माझ्या आईची समजूत पटत नाही. खोली, रेक्टरबाईंचं नाव आणि फोन नंबर एवढं हातात असतं, तर त्या संध्याकाळी ओट्यावर मला बोलायला काहीतरी असतं. आणि पर्याय पक्के करताना मोबाइल नंबर विद्यार्थिनीचाच असावा. सुविधा केंद्रात तिला एकटीला बसवून एकदा विचारावं: हा क्रम तुझा आहे का?

परवा शेजारचे त्यांच्या मुलीला घेऊन आले. त्यांना वाटतं मी फॉर्म भरण्यात तरबेज झालोय. मी मोबाइल त्या मुलीच्या हातात दिला आणि तिच्या वडिलांना घेऊन चहाला बाहेर गेलो. परत आलो तर पहिल्या नंबरवर पुणे होतं. वडिलांनी स्क्रीन बराच वेळ बघितली. चिडले नाहीत. फक्त माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, ही राहील कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म भरायला अजून दोन दिवस आहेत, म्हणून त्यांचा प्रश्न आपल्याकडे पाठवतो आहे.

आपला,
एक केळी उत्पादक बाप
ता. चोपडा, जि. जळगाव