उन्हात फ्रेम धरून उभ्या राहिलेल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण तुमच्याकडचं कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेलच, आणि त्या दिवशी तुम्ही मला नीट आभार मानू दिले नाहीत, गाडी चुकेल म्हणत पिशवी उचलून निघालात, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

शिवरात्र झाली होती. आमच्याकडे माण तालुक्यात तेव्हा कांदा बियाण्याचे प्लॉट पांढरेशुभ्र होतात, मधमाशांची दिवसभर नुसती ये-जा, मधपेटीचा वरचा मजला, म्हणजे सुपर, उचलून बघितला तरी जड लागत होता. आता मध काढायचा म्हणून झाकण काढलं तर मधल्या दोन फ्रेमवर, म्हणजे माशा ज्यात पोळं बांधतात त्या लाकडी चौकटींवर, मधाच्या जागी हरभऱ्याच्या दाण्यासारख्या फुगीर टोप्या, सगळी नरांची पिल्लं, आणि तीही राणीच्या जाळीच्या वर! राणीने वर येऊन अंडी घालू नयेत म्हणून तर ती जाळी असते. त्या जाळीच्या फटीत जाड अंगाचे नर अडकून मेले होते, खाली जायला वाट नाही, बाहेर पडायला वाट नाही. मला रडूच आलं. बचत गटाचं कर्ज काढून घेतलेल्या पेट्या आहेत त्या, हप्ता काही फुलोरा बघून थांबत नाही.

ज्याच्याकडून पेट्या घेतल्या त्याला फोन केला. विकताना हाच माणूस ताई-ताई करत दारात उभा असायचा. आता म्हणतो राणी खराब झाली, वसाहत मोडून टाका, पुढच्या महिन्यात गाडी येतेय, नवीन देतो. ज्या ट्रेनिंगला फी भरली होती तिथल्या सरांनी फोटो उघडून बघायच्या आधीच सांगितलं की कामकरी माशाच अंडी घालायला लागल्यात, सगळ्या लांब नेऊन झटकून द्या. आणखी एकाने तर रोग असेल म्हणून पोळं जाळायला सांगितलं. एवढे सगळे जाणकार, पण ताई, जाळीच्या खाली काय चाललंय हे एकानेही विचारलं नाही.

तुमचा पहिला प्रश्नच तो होता. कुणाच्या तरी ओळखीने नंबर मिळाला होता, तुम्ही मला ओळखत नव्हता, मी घाईघाईत सगळं एका दमात सांगितलं आणि तुम्ही ऐकून घेऊन शांतपणे विचारलंत, खाली अंडी आहेत का, कामकरींची पिल्लं आहेत का? मी म्हटलं आहेत, एकदम भरगच्च आहेत. मग खालची राणी चांगली आहे, तिला हात लावू नका, म्हणालात. मग विचारलंत की वर पोळ्याच्या एका घरात एकच अंडं दिसतं का जास्त, तळाला आहे का भिंतीला. कामकरी अंडी घालते तेव्हा तिचं पोट तळापर्यंत पोचत नाही म्हणून अंडी भिंतीला चिकटलेली दिसतात आणि एकेका घरात चार-पाच असतात, हे मला त्या फोनवर कळलं, ट्रेनिंगमध्ये नाही. आमच्याकडे एकच होतं, बरोबर तळाला. तुम्ही म्हणालात, वर दुसरी राणी आहे. आणि लगेच, वरच्या मजल्यावर खालची फ्रेम कुणी चढवली होती का?

चढवली होती काका. डिसेंबरच्या शेवटी विकणाऱ्याचा माणूस सर्व्हिसिंगला आला होता, खाली गर्दी झालीय म्हणून त्याने पिल्लांच्या दोन फ्रेम वर ठेवल्या आणि निघून गेला. तसं करतात, त्यात गैर काही नाही असं तुम्हीच म्हणालात, पण मग आठवड्याने येऊन वर राणीचे कोष बांधलेत का ते बघून मोडावे लागतात, आणि तो पुन्हा फिरकलाच नाही. वरच्या माशांना राणीचा वास लागेना, त्यांना वाटलं आपण पोरक्या झालो, त्यांनी कोवळ्या अळीपासून राणी केली. ती जन्मली पण जाळीमुळे बाहेर उडता आलं नाही, नराशी मिलन झालं नाही, आणि अशी राणी नुसते नरच देते, कारण मिलनाशिवायच्या अंड्यातून नरच निघतो. नराला बाप नसतो, आजोबा असतो, हे तुमचं वाक्य आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे.

फोनवर एवढं सांगितलंत तेच पुष्कळ होतं. तरी तुम्ही आलात. महाबळेश्वरच्या वरच्या गावातून साताऱ्याला, तिथून दहिवडीची एसटी, या वयात, या उन्हात.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तुम्ही सुपरमधली फ्रेम उचललीत, उन्हाकडे पाठ करून थोडी तिरपी धरलीत आणि मला म्हणालात, बघ. मी बघत होते, मला नुसत्या माशा दिसत होत्या. तुमच्या हातावर माशा चढत होत्या, मनगटावर एक चावली तेसुद्धा मी बघितलं, तुम्ही नखाने काटा खरवडून काढलात आणि फ्रेम तशीच धरून ठेवलीत. बोट दाखवलं नाही. बोलला नाहीत. माझी नजर भलतीकडे गेली की फ्रेम हलकीच फिरवत होता. आणि मग मला ती दिसली, बारीक, चपळ, कामकरीपेक्षा जरा लांब, माशांच्या खालून पळणारी. मी ओरडलेच. तुम्ही फक्त म्हणालात, हां, आता तुला कायम दिसेल. घरी गेल्यावर आमचे हे म्हणाले की काकांना ती फ्रेम उचलल्या-उचलल्या दिसली होती, त्यांच्या डोळ्यावरून कळत होतं. म्हणजे तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात. पेट्या घेतल्यापासून मला कुणीही काही बघू दिलं नव्हतं काका, जो येतो तो हातातून फ्रेम ओढून घेतो, आमच्या यांच्याशी बोलतो आणि मी पाणी आणायला.

पुढचं काम झालं ते झालं, ती राणी काढली, नरांचं पोळं कापलं. पण कापलेलं टाकून द्यायच्या आधी तुम्ही बाभळीचा काटा घेऊन एकेक टोपी उकललीत आणि पांढऱ्या पिल्लाच्या अंगावरचे तांबूस ठिपके दाखवलेत, व्हरोआ, माशांच्या अंगावर जगणारा बारीक किडा. नर टोपीखाली जास्त दिवस राहतो म्हणून तो किडा नराच्याच घरात आधी घुसतो, तेव्हा हे पोळं कापलं ते बरंच झालं, म्हणालात. आणि औषध किती द्यायचं विचारलं तर सरळ म्हणालात, ते मी नाही सांगणार, मी सातेरीवाला माणूस, म्हणजे आपली देशी माशी पाळणारा, तुमच्या पेटीतल्या मेलिफेराच्या, त्या परदेशी माशीच्या, औषधाचं पुण्याच्या मधमाशी संशोधन केंद्रात विचारा. तुमच्या सातेरीच्या नराच्या टोपीला मधोमध बारीक भोक असतं आणि मेलिफेराला नसतं हे मात्र काय कौतुकाने सांगत होतात! ज्याला येतं तोच मला एवढं येत नाही म्हणू शकतो बहुतेक. ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांनी मला जाळून टाका इथपर्यंत सांगून झालं होतं.

२०२२ मध्ये तुमच्या तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं तेव्हा मी बातमी वाचून आमच्या गटात सांगितली होती, आपणही करू म्हणून. तेव्हा मला त्यात मध दिसला होता, पैसा दिसला होता. मध कसा होतो हे जाणणारी, आणि जाणतो ते अनोळखी बाईला फुकट देणारी माणसं त्या डोंगरात आहेत हे आता कळलं. अशी माणसं सगळीकडे असतील, शाळेत, दवाखान्यात, पंचायतीत, पण ती मोठ्याने बोलत नाहीत म्हणून आपण आधी नेहमी मोठ्याने बोलणाऱ्याकडेच जातो आणि पैसे घालवून बसतो.

त्या दोन फ्रेममध्ये उरलेला मध तुम्ही सांगितल्याप्रमाणे काढला नाही, माशांनाच ठेवला. बाकीच्या फ्रेमचा काढला, स्वच्छ निघाला. जाळीच्या वर आता पिल्लू नाही, खालची राणी जोरात आहे. आणि मागच्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरच्या वहिनींच्या पेटीत राणी सापडेना म्हणून मला बोलावलं होतं. सापडली काका. मी फ्रेम तिरपी धरून उभी राहिले, त्यांना दिसेपर्यंत.

तुमच्यासाठी मधाची बाटली भरून ठेवलीय. कुणी साताऱ्याकडे जाणारं भेटलं की पाठवते, नाहीतर आम्ही दोघं घेऊन येतो. आणि एसटीच्या तिकिटाचे पैसे तुम्ही त्या दिवशी घेतले नाहीत, ते आईंनी वेगळे काढून ठेवलेत, ते मात्र घ्यावेच लागतील.

तुमची,
माणातली पेट्यावाली