चौकातले घड्याळ कुणाशी जुळवायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या शहापुरात माझे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. सेल बदलायला आलेले गिऱ्हाईक हल्ली "मोबाईलला लावून द्या" म्हणते. मोबाईलला वेळ कोण देतो, असे विचारले की "टॉवर" म्हणून मोकळे. चंदगडकडच्या एकाने तर विचारले, हद्द ओलांडून टॉवर बदलला की वेळ बदलते का? नाही बदलत. सीमाप्रश्नातून तेवढी एक गोष्ट सुटली आहे!

टॉवर बहुतेक उपग्रहांवरून वेळ घेतात, आणि उपग्रहांतली अणुघड्याळेही (अणूंच्या कंपनांवर चालणारी अतिअचूक घड्याळे) जमिनीवरून सारखी तपासावी लागतात. मग शेवटचे, खरे घड्याळ कुठले? ते नाहीच. जगभरच्या प्रयोगशाळांतल्या चारशेहून अधिक अणुघड्याळांचे आकडे पॅरिसजवळ सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात जातात. जे घड्याळ जास्त एकसारखे चालते, त्याच्या आकड्याला हिशेबात जास्त वजन. अशी सरासरी निघते आणि दर महिन्याला प्रत्येक प्रयोगशाळेला कळवले जाते, की तुम्ही इतके नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) पुढे होता किंवा मागे. भारतीय वेळ सांभाळणारी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळासुद्धा यातून सुटत नाही.

इंटरनेटवरून वेळ घेणारा संगणकही असाच चोख. निरोप जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यातला निम्मा उत्तरात मिळवतो. शेजारी वेळ विचारायला धाडलेले पोर रस्त्यात रेंगाळले, तर आपण तेवढा हिशेब करतो का?

आणि आमच्याकडच्या एका चौकातल्या घड्याळाच्या दोन तबकड्यांवर दोन वेळा! कुणी म्हणेल, सूर्य आहे की. पण भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि बेळगाव ७४.५ अंशांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येईतो सरासरी १२ वाजून ३२ मिनिटे झालेली असतात.

ज्यांच्याकडे अशा घड्याळांची देखभाल आहे त्यांनी महिन्यातून एकदा तरी काटे मोबाईलशी जुळवावेत. साधे क्वार्ट्झ घड्याळही महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतेच. आणि नवे घेणार असाल तर इंटरनेटवरून किंवा उपग्रहावरून आपोआप वेळ लावून घेणारे घ्या. नुसता मोठा लाल आकडा बघून घेऊ नका.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव