प्रशिक्षकाला हंगाम मोजून देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेत येऊन गेलेल्या परदेशी प्रशिक्षकांचा विषय निघाला की ही उतारवयात पैशासाठी आलेली मंडळी, असा शेरा सर्रास मारला जातो. इंग्रज प्रशिक्षक स्टीव्ह कॉपेल यांच्याबाबतीत तो अन्यायाचा आहे, असे कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या फुटबॉलवेड्याला मनापासून वाटते.

लिव्हरपूल विद्यापीठात अर्थशास्त्र शिकता शिकता ट्रॅनमीअर रोव्हर्स क्लबकडून खेळणाऱ्या या विंगरला (मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूला) १९७५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने घेतले. पुढे लीगचे सलग २०७ सामने त्यांनी एकही न चुकवता खेळले. १९८१ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हंगेरीविरुद्ध खेळताना गुडघा निकामी झाला आणि इंग्लंडकडून ४२ सामने खेळलेल्या कॉपेल यांना १९८३ मध्ये, वयाच्या अवघ्या २८व्या वर्षी थांबावे लागले.

पुढच्याच वर्षी ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक झाले. पैसा बेताचाच, म्हणून स्थानिक पातळीवर खेळणाऱ्या इयान राइटसारख्या मुलाला त्यांनी हेरले आणि १९८९ मध्ये संघ वरच्या विभागात नेला. त्याच सप्टेंबरात लिव्हरपूलने पॅलेसचा ९-० असा धुव्वा उडवला. अशा पराभवानंतर किती संचालक मंडळे मॅनेजरला ठेवतील? पॅलेसने ठेवले, शिवाय नायजेल मार्टिन या गोलरक्षकासाठी दहा लाख पौंडही मोजले. सात महिन्यांनी एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पुन्हा लिव्हरपूलच समोर होते, राइट जखमी होता, तरीही जादा वेळेत ॲलन पार्ड्यूच्या हेडरने पॅलेसने ४-३ अशी बाजी मारली. अंतिम सामना बरोबरीत सुटून फेरसामन्यात मँचेस्टर युनायटेडकडून हार झाली खरी, पण पुढच्या हंगामात पॅलेसचा हाच संघ लीगमध्ये तिसरा आला.

१९९६ मध्ये मँचेस्टर सिटी क्लबमध्ये ते जेमतेम ३३ दिवस टिकले, हेही नाकारता येत नाही. मात्र २००३ पासून सहा हंगाम देणाऱ्या रेडिंग क्लबला त्यांनी २००६ मध्ये विक्रमी १०६ गुण मिळवून क्लबच्या इतिहासात प्रथमच सर्वोच्च विभागात पोहोचवले आणि तिथेही पहिल्याच वर्षी आठवे स्थान मिळवून दिले.

आपल्याकडे काय झाले? सचिन तेंडुलकर तेव्हा सहमालक असलेल्या केरला ब्लास्टर्सला त्यांनी २०१६ मध्ये अंतिम फेरीत नेले, कोचीतला तो सामना पेनल्टी शूटआउटमध्ये हातचा गेला. त्यानंतर एक हंगाम जमशेदपूर, एक हंगाम कोलकात्याचा एटीके. तीन हंगामांत तीन संघ! प्रत्येक वेळची कारणे निराळी असतीलही, परंतु नऊ गोल खाऊन उभा राहणारा पॅलेससारखा संघ एवढ्या अवधीत घडत नसतो.

आपल्या क्रीडा पानावर प्रशिक्षक बदलल्याची बातमी येते, तेव्हा त्याला किती महिने मिळाले होते, तेही ठळकपणे छापावे, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर