पेणच्या दादांना, खेचरांबद्दल आणि पखालवाल्यांबद्दल

ती. दादांना,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही घडवलेली शेवटची चिमुकली खेचरं रंगवून झाली आणि टेबलावर लढाई खेळायची माझी मगदालाची छोट्या पुतळ्यांची फौज पुरी झाली. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय. गणपतीच्या कारखान्यात बसून तुम्ही इथिओपियातल्या एका विसरलेल्या मोहिमेसाठी काय करून ठेवलंत, ते बाकीच्यांनाही कळू दे.

मोहीम १८६८ची. इथिओपियाचे सम्राट तेवोद्रोस यांनी १८६२ साली राणी व्हिक्टोरियाला पत्र पाठवलं होतं. त्याला उत्तर आलं नाही. पुढे त्यांनी ब्रिटिश कॉन्सुल कॅमेरून आणि इतर काही युरोपियनांना कैदेत टाकलं. त्यांना सोडवायला जी फौज गेली ती मुख्यतः मुंबईहून जहाजांत चढली, आणि तिचे सेनापती रॉबर्ट नेपियर हे मुंबई फौजेचेच सरसेनापती होते. सैनिक साधारण १३,०००. त्यांच्यामागे माहूत, भोई, पखालवाले, खेचरं हाकणारे असे २६,०००. जनावरं ४०,०००च्या वर, त्यांत ४४ हत्ती. तांबड्या समुद्राकाठच्या झुला बंदरापासून मगदालाच्या डोंगरी किल्ल्यापर्यंत साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास वाट, तीही बहुतेक डोंगरांतून.

या लढाईचे २८ मिलिमीटरचे शिपाई जमवणं कठीण असलं तरी अशक्य नाही. खाकीतले गोरे शिपाई शोधले की सापडतात. बलुच पलटणीसाठी दुसऱ्या मोहिमेतल्या पुतळ्यांची डोकी बदलून, हिरवे कोट आणि लाल विजारी रंगवून काम भागतं. पण पाठीवर पखाल घेतलेला माणूस, डोली उचलणारे भोई, ओझ्याखाली चढ चढणारं खेचर मला कुठे विकत मिळालं नाही. आणि त्यांच्याशिवाय या मोहिमेची फौज टेबलावर मांडणं मला खोटं वाटतं. तीन माणसांतली दोन वगळून उरलेल्या एकालाच फौज कसं म्हणायचं?

बरं, लढाईच त्या खेचरांपायी पेटली. १० एप्रिल १८६८ला मगदालाजवळच्या अरोगीच्या पठाराखालच्या घळीतून तोफांचा आणि सामानाचा तांडा वर येत होता. वरून पाहणाऱ्या तेवोद्रोस यांना वाटलं, याला राखण नाही. त्यांनी आपली माणसं डोंगरावरून खाली सोडली. चौथ्या पलटणीच्या गोऱ्यांकडे नव्या, मागून भरायच्या स्नायडर रायफली होत्या. घळीच्या तोंडाशी तांड्याची राखण करणाऱ्या पंजाब पायोनियर्स या देशी पलटणीकडे मात्र तोंडातून भरायच्या जुन्या बंदुकाच होत्या, त्यामुळे ते संगिनींनी भिडले. इथिओपियाचे सुमारे ७०० लोक पडले, त्यांत त्यांचे सरदार फितावरारी गब्रिये होते. ही लढाई खेळायची आणि टेबलावर खेचर नाही, हे मला पटेना.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी चित्रं आणि मापं घेऊन आलो होतो. तुम्ही चित्रं बाजूला ठेवलीत आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "ओझं कशाचं?" तोफेची नळी, चाकं आणि गाडा वेगवेगळ्या खेचरांवर लादत, हे सांगितल्यावर तुम्ही प्रत्येक जनावराची पाठ वेगळी केलीत. नळीवाल्याची मान खाली, चाकंवाल्याचे पाय फाकलेले. खोगिराच्या दोऱ्या तुम्ही अशा बांधल्यात की साच्याचा जोड बरोबर दोरीखाली लपतो. कथील ओतून पुतळा बाहेर काढला तर कानस जवळजवळ लावावीच लागत नाही. पखाल तुम्ही पाठीला चिकटवून ठेवलीत, म्हणून रबरी साचा फाटत नाही. आयुष्यभर फुटा-फुटांच्या मूर्ती घडवलेल्या हातांनी एपॉक्सीच्या लगद्यात मुगाएवढं डोकं केलं आणि त्यावर दमलेल्या माणसाचा चेहरा आणला. तो चेहरा मी अजून भिंगाखाली धरून बघतो.

हत्तीचं तर काय सांगू! झूल घालायची नाही, हे तुम्हीच ठरवलंत. आर्मस्ट्राँग तोफ वाहणारा हत्ती मिरवणुकीतला नव्हे, असं म्हणालात. गादी, दोर, त्यावर नळी आणि मानेवर अंकुश घेतलेला माहूत. पाच सेंटिमीटरच्या हत्तीला वजन जाणवतंय, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

या फौजेच्या नेहमीच्या पगाराचा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला गेला, आणि दादाभाई नौरोजींनी १८६७मध्येच लंडनमध्ये त्याविरुद्ध आवाज उठवला होता. हे मी तुम्हाला सांगितलं त्या दिवशी तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग विचारलंत, "आणि समोरच्या राजाची माणसं कोण करणार?" तोवर मी तेवोद्रोस यांच्या बाजूच्या फक्त भालाईतांचा विचार केला होता. पण त्यांनीही सुमारे सात टनांची 'सेबास्तोपोल' तोफ डोंगरांतून रस्ते फोडत, माणसांकडून ओढवत मगदालापर्यंत आणली होती. तुम्ही ती दोर ओढणारी माणसंही केलीत, खांद्यावरच्या पांढऱ्या शम्म्याच्या, म्हणजे सुती पांघरुणाच्या, चुण्यांसकट. १३ एप्रिलला मगदाला पडला, तेवोद्रोस यांनी शरण न जाता स्वतःवर पिस्तूल झाडलं. ती तोफ आजही तिथेच डोंगरावर आहे. आता माझ्या टेबलावर तिला ओढणारे हातही आहेत, ते तुमच्यामुळे.

पैशांचं बोलणं तुम्ही दोनदा टाळलंत. तिसऱ्यांदा टाळू देणार नाही. साच्यांच्या तळाशी तुमची खूण कोरायची राहिली आहे, ती माझ्या हातून होणार नाही. सगळे साचे घेऊन विसर्जनानंतरच्या आठवड्यात येतो. डोली उचलणाऱ्या भोयांची दुसरी जोडीही तेव्हाच ठरवू, पहिली जोडी एका डोलीला अपुरी पडते.

आपला ऋणी,
पुण्याचा तुमचा खेचरवाला